बाभळींचा बंदोबस्त

गावच्या बाभळी वाचाव्यात म्हणून मी ग्रामपंचायतीला अर्ज लिहिला, आणि त्याच अर्जावर त्या बाभळी तोडायचा हुकूम निघाला. अर्ज माझा, अक्षर माझं, सही माझी. सहीखाली ‘सेवानिवृत्त भूगोल शिक्षक’ असंही मीच लिहिलेलं. तेवढं लिहिलं नसतं तर निदान भूगोलाची अब्रू वाचली असती.

तलवाड्याच्या अलीकडं रस्त्याला लागून आमचं गाव. घराणं किराणा दुकानदारांचं. कपाळाला विभूती लावून थोरले बंधू, म्हणजे आमचे आप्पा, सकाळी सातला दुकानात बसतात ते रात्री दिवे लागल्यावरच उठतात. लहानपणी मलाही तिथं बसवून पाहिलं होतं. पण मी तूरडाळ मागणाऱ्याला हरभऱ्याची डाळ बांधून दिली, तेही एकदा नाही, आणि वडिलांनी माझं नाव कॉलेजात घातलं. तेव्हा मी शिक्षक झालो हीसुद्धा एक चूकच म्हणायची. फक्त ती माझ्या एकट्याची नव्हे.

नोकरीच्या शेवटच्या वर्षांत दहावीच्या भूगोलात ब्राझील आला. ब्राझीलला मी गेलेलो नाही. भूगोलाच्या निमित्तानं केलेला माझा सगळ्यात लांबचा प्रवास म्हणजे माजलगावच्या धरणावर नेलेली सहल. तिथं मी पोरांना सिंदफणा नदी येते ती बाजू म्हणून हात करून दाखवली, आणि धरणावरच्या चौकीदारानं माझा हात धरून दुसऱ्या बाजूला वळवला. ब्राझीलमध्ये अशी भीती नव्हती. तिथलं वर्गात कुणी नव्हतं.

त्यामुळं ब्राझील मी लई रंगवून शिकवायचो. जिथं सावली हवी तर ढगाची वाट बघावी लागते अशा आमच्या मुलखात मी सांगायचो, की तिथं झाडं इतकी दाट असतात, की वर पाऊस सुरू झाला तरी खाली थेंब पोचायला वेळ लागतो. पोरं मान वर करून पत्र्याकडं बघायची. एकानं विचारलं होतं, “सर, मग खाली पीक कसं येतं?” मी त्याला खाली बसवलं. त्या प्रश्नात अख्खा धडा होता हे मला कळायला निवृत्त व्हावं लागलं.

त्याच वर्षी चाचणीत प्रश्न घातला, उष्ण कटिबंधातली जंगलं नष्ट होण्याची कारणं लिहा. एका मुलीनं एकच ओळ लिहिली: ‘तिकडं रान मोडून रान करतात.’ मी शून्य दिलं, शेजारी लाल पेनानं ‘अर्थ लागत नाही’ असंही लिहिलं. अर्थ चांगला लागत होता. आमच्याकडं शेताला रान म्हणतात. बायको रानात गेली म्हणजे कापूस वेचायला गेली. पुस्तकात मात्र रान म्हणजे जंगल. पोरीनं दोन्ही रानं एका ओळीत बसवली होती. ब्राझीलमध्ये रान मोडून गुरांची कुरणं आणि सोयाबीनचं रान केलं, इंडोनेशियात तेलाच्या ताडाचं. कांगोत पोटापुरता कंद लावायला केलं. जे मला सांगायला तीन तास लागायचे ते तिनं चाचणीच्या घाईत उरकलं. तिला पाचपैकी पाच द्यायला हवे होते. ती आता आष्टीकडं नांदते. मार्क कुठं पाठवू?

असो. बाभळींकडं येतो.

गावाच्या उगवतीला गायरान आहे, म्हणजे गुराढोरांना चरायला सोडलेली गावची सामायिक जमीन. माती हलकी, मुरमाड, पण तिच्यात चाळीसेक जुन्या बाभळी उभ्या. आमच्या गल्लीच्या टोकाला राहणाऱ्या एका मावशींच्या अकरा शेळ्या या बाभळींवर जगतात. मावशींची साठी कधीच उलटली. लेक आणि सून दिवाळी झाली की ऊसतोडीला जातात, कोयता घेऊन, टोळीबरोबर. मावशी शेळ्या घेऊन मागं राहतात. उन्हाळ्यात बांधावरचं गवतही जळून जातं तेव्हा शेळ्यांना उरतात फक्त बाभळीच्या शेंगा. लांब बांबूला विळ्यासारखी आकडी बांधायची, फांदी खाली ओढायची, हलवायची. हे काम त्या कित्येक उन्हाळे करत आल्यात.

माघात एक दिवस त्या आमच्या ओट्यावर येऊन बसल्या.

“सर, बाभळी तोडायलेत.”

“कोण?”

“कोण म्हंजी, ज्याला लागंल त्यो. आधी फांद्या न्यायचे. परवा अख्खं खोड घेऊन गेले. वीटभट्टीला जातंय लाकूड. असंच चाललं तर शेंगा गळायच्या आत गायरान मोकळं हुईल.”

“मग शेळ्या?”

“इकाव्या लागतील. आन शेळ्या गेल्या की मी हितं कावून राहू? लेक म्हणंल, चल टोळीवर, स्वयंपाकाला तरी हुशील. सर, आयुष्याची पंधरा-ईस सालं मी खोपीत काढली. आता न्हाई हुत माझ्यानं.” खोपी म्हणजे फडाजवळची उसाच्या पाचटाची झोपडी. आत शिरायचं तर कमरेत वाकावं लागतं, आणि मावशींची कमर आधीच वाकलेली. “चार ओळी लिहून द्या पंचायतीला,” त्या म्हणाल्या.

चार ओळी म्हणजे त्यांच्या हिशेबानं चारच. मला चार पानं लागली.

माझंही ऐका. निवृत्त होऊन दोन वर्षं झाली होती. दोन वर्षांत मला कुणी काही विचारलं नव्हतं. शेजारणीनं एकदा विचारलं होतं, पण ते गॅसची टाकी कधी येणार म्हणून. आणि इथं साक्षात वृक्षतोडीचा प्रश्न ओट्यावर चालत आला होता. मी फुलस्केप कागद घेतले, समास पाडला, आणि अर्जाची सुरुवात केली: ‘पृथ्वीच्या उष्ण कटिबंधात…’

दुसऱ्या दिवशी दुकानाच्या फळीवर बसून मी तो मावशींना वाचून दाखवला. आप्पा आत गूळ फोडत होते.

“ब्राझील देशात गुरांच्या चराईसाठी जंगलं तोडली जातात,” मी वाचलं.

“गुरांसाठी?” मावशी म्हणाल्या. “गुरं तर झाडाखाली बसत्यात.”

“तिथं फार गुरं असतात. त्यांचं मांस परदेशात जातं.”

“मंग गुराखी कुठं बसतो?”

हे पुस्तकात नव्हतं. मी पुढचं पान काढलं. “इंडोनेशियात तेलाच्या ताडाची लागवड करण्यासाठी…”

“ह्ये कोन्तं तेल?”

“पामतेल. आपल्याकडं पिवळ्या पिशवीत मिळतं ते.”

मावशींनी मागं वळून दुकानातल्या पिशव्यांच्या थप्पीकडं बघितलं. “म्हंजी आप्पा बी त्यात हायेत?”

“मी फक्त विकतो,” आतून आप्पा म्हणाले. गूळ फोडणं थांबलं. “आन तू ते तेलाचं काढ बे. गिऱ्हाईक तोंडावर विचारतंय मला. तुझं पेन्शन चालू हाय, माझं दुकान चालू हाय.”

मी तत्त्वाचा माणूस. पामतेल खोडलं आणि त्या जागी ‘काही खाद्यपदार्थ’ असं लिहिलं. त्याच संध्याकाळी बायकोनं त्याच पिवळ्या पिशवीतल्या तेलात कांदाभजी तळली. इंडोनेशियाची आठवण मला आठव्या भज्यानंतर झाली.

“कांगो देशात,” मी तिसऱ्या पानावर आलो, “गरीब लोक चुलीच्या कोळशासाठी आणि पोटापुरत्या शेतीसाठी झाडं जाळतात.”

“त्यांला कशाला नावं ठेवता? चूल कशानं पेटवतील मंग?”

“नावं नाही ठेवत मावशी. कारण सांगतोय.”

“माझ्या बाभळी कवा येत्यात?”

“चौथ्या पानावर.”

“तवर शेळ्या मरतील.”

चौथ्या पानावर बाभळी आल्या, आणि त्या पानाच्या शेवटच्या ओळीत ती चूक होती. अर्जाचा शेवट ‘विनंती’नं करणं माझ्या जिवावर आलं होतं. विनंती मिळमिळीत वाटते. मला दम असलेला शब्द हवा होता, जो वाचल्यावर लाठी घेतलेला माणूस डोळ्यापुढं उभा राहील. तो सुचला तेव्हा मला इतका आनंद झाला, की मी त्याच्याखाली रेघ मारली. ‘तरी गायरानातील बाभळींचा तातडीने योग्य तो बंदोबस्त करावा.’

ग्रामसेवक नवा होता, चांगला पोरगा. त्याच्याकडं आणखी दोन गावं. त्यानं माझी चारही पानं अदबीनं उलटली, शेवटची ओळ वाचली, तिच्याखालची रेघ बघितली आणि म्हणाला, “सर, काम होऊन जाईल.” इतक्या चटकन होकार मिळाल्यावर माणसाला संशय यायला हवा. मला आपल्या लेखनशैलीचं कौतुक वाटलं. घरी येऊन बायकोला म्हणालो, “बघ, मुद्दा जागतिक पातळीवर नेला की असं असतं.”

बायको म्हणाली, “दळण न्यायचंय.”

तीन आठवडे गेले. एका सकाळी चहा घेत बसलो होतो, तर लांबून घरघर ऐकू आली. मी म्हणालो, कुणाची तरी मोटारसायकल चिखलात रुतलीय वाटतं. फाल्गुनात आमच्याकडं चिखल म्हणजे लग्नाच्या मांडवाशेजारी सांडलेलं पाणी तेवढंच, हे माझ्या ध्यानात नाही आलं. बायकोनं कान दिला. “अहो, गायरानाकडून येतोय आवाज. कटरचा.”

मी बनियनवरच पळालो.

गायरानात दोन बाभळी आडव्या झाल्या होत्या. तिसरीजवळ एक माणूस पेट्रोलचं कटर बंद करून हताश उभा होता, कारण आडव्या बाभळींवर मावशींच्या अकराच्या अकरा शेळ्या चढल्या होत्या. वरच्या शेंड्याचा पाला आणि हिरव्या शेंगा त्यांना जन्मात पहिल्यांदा तोंडापाशी मिळाल्या होत्या. माझ्या बाजूनं त्या वेळी तिथं कुणी लढत असेल तर त्या शेळ्याच, आणि त्यांनाही बाजू कुठली हे माहीत नव्हतं. मावशी तिसऱ्या बाभळीच्या बुंध्याला पाठ लावून बसल्या होत्या. मला बघून त्यांनी मान दुसरीकडं फिरवली.

लाकडाचा ठेकेदार ओळखीचा. सावलीत चहा पीत होता. “या सर,” तो म्हणाला. “तुमचंच काम चालू हाय.”

“माझं? कुणी सांगितलं तोडायला?”

“तुमी.” त्यानं खिशातून घडी काढली. ग्रामपंचायतीचं पत्र, आणि त्याला टाचलेली माझ्या चौथ्या पानाची झेरॉक्स. त्यानं बोट ठेवून वाचलं. “तातडीने योग्य तो बंदोबस्त करावा. खाली रेघ बी हाय. तातडीनं म्हणलात म्हणून दुसऱ्या गावचं काम टाकून आलो सर.”

घोटाळा कसा झाला ते मला मागाहून कळलं. पंचायतीत त्या महिन्यात दोन अर्ज आले होते, एक मोकाट कुत्र्यांचा बंदोबस्त करा म्हणून आणि दुसरा स्मशानाच्या वाटेवरच्या वेड्या बाभळीचा बंदोबस्त करा म्हणून. तिसरा माझा. ग्रामसेवकानं तिन्ही एका फायलीत लावले, आणि लावणारच.

“अहो, बंदोबस्त म्हणजे राखण,” मी म्हणालो. “पोलीस बंदोबस्त असतो ना, तसा.”

“सर,” ठेकेदार शांतपणे म्हणाला, “पोलीस ज्याचा बंदोबस्त करतेत, त्याचं पुढं काय हुतं?”

कटरवाला हसला. “कावून हसतो बे?” ठेकेदार त्याच्यावर खेकसला, पण त्याच्याही मिशीखाली काहीतरी हललं.

मावशी तेव्हा पहिल्यांदा बोलल्या. “सर, मी काय लिहा म्हणलं हुतं?”

“चार ओळी.”

तीस वर्षांत मी कितीतरी पोरांना बाकावर उभं केलं असेल. बाकावर कसं वाटतं ते त्या दिवशी कळलं.

पण शिक्षकाची सवय जात नाही. घाबरलो की मी शिकवायला लागतो. मी ठेकेदाराला सांगायला सुरुवात केली, की जगात झाडं का तुटतात, त्यामागं मागणी असते, बाजार असतो, तोडणारा हात एकाचा पण त्याला हुकूम देणारे दूर बसलेले असतात. त्यानं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, “बरोबर हाय सर. मी लाकूड देतो भट्टीला. भट्टी इटा भाजती. तुमच्या माडीच्या इटा त्याच भट्टीच्या. दोन सालांमागं तुमच्या दारात मीच खाली केल्या की ट्रॅक्टरनं. वहिनींनी च्या दिलता.”

चहा दिला होता. मलाही आठवला. साखर जास्त झाली होती म्हणून मी बायकोशी वाद घातला होता. तीन खंड फिरून आलेल्या माझ्या चार पानांत स्वतःच्या माडीचा एक शब्द नव्हता. ब्राझीलच्या गुरांवर दीड पान होतं.

“आता?” मी विचारलं.

“आता काय. मला बी ह्या म्हातारीची हाय घ्यायची न्हाई, आन ह्या शेळ्या काय उठंनात. पर कागदाला कागद लागतो. दुपारी चारपर्यंत दुसरा कागद आणा. न्हाई आणला तर मी मोकळा.”

माझ्याकडं कागद नव्हता आणि बनियनला खिसा नसतो. पेन ठेकेदारानंच दिलं. कागद त्याच्याच पावतीबुकातला, मागची कोरी बाजू. मी त्या आडव्या खोडावर कागद ठेवला, आणि सवयीनं वर ‘प्रति’ लिहून विचार करू लागलो.

“विचार करू नका,” मावशी म्हणाल्या. “मी सांगती ते लिहा. गायरानातल्या बाभळी तोडू नका. शेळ्या त्याच्यावर जगत्यात. तोडल्या त्या तोडल्या. बाकीच्याला हात लावू नका.”

मी लिहिलं. मग म्हणालो, “मावशी, ‘पर्यावरणाच्या दृष्टीने’ एवढंच एक घालू का मध्ये?”

त्यांना वाचता येत नाही. त्या उठल्या, कागदावर वाकल्या आणि बोटानं ओळी मोजल्या. “चार झाल्या. त्याचं पेन त्याला द्या.”

मग त्यांनी आकडी उचलली आणि तिसऱ्या बाभळीची एक फांदी खाली ओढून धरली. पाला दिसताच शेळ्या आडव्या खोडांवरून उतरून त्या बुंध्याभोवती गोळा झाल्या. चार वाजेपर्यंत तिथं कुणाला कटर लावता आलं नसतं. ठेकेदारानं कटरवाल्याला चहा ओतला. मी गावाकडं पळालो.

ग्रामसेवकानं कागद वाचला, उलटा केला, पुन्हा वाचला. “सर, आधीच्या अर्जात तर तुम्ही…”

“ते चुकलं.”

“ह्यात दुसरा अर्थ निघत नाही ना? ‘तोडू नका’ म्हणजे तोडू नकाच ना?”

मी म्हणालो, होय. त्यानं माझ्याकडून ते दोनदा वदवून घेतलं, जसं मी बेचाळिसाव्या पटक्रमांकाच्या पोराकडून राजधानीचं नाव वदवून घ्यायचो. मग पत्र लिहून शिक्का मारला. साडेतीनला मी गायरानात परत होतो. ठेकेदारानं कागद घडी करून खिशात टाकला, पाडलेली दोन लाकडं ट्रॅक्टरवर चढवली आणि जाताना मला म्हणाला, “सर, माडीवर आणखी एक मजला घ्यायचा असला तर लिहून देऊ नका, तोंडी सांगा.”

हे लिहितोय तेव्हा शेंगांचे दिवस सरलेत. मावशींच्या शेळ्या अकराच्या सोळा झाल्या. लेक-सून टोळीवरून परत आले आणि पुढच्या साली मावशींना टोळीवर नेण्याचा विषय घरात निघालेला नाही. संध्याकाळी मी गायरानात जाऊन बसतो. बाभळीची सावली बारीक असते, चाळणीतून पडल्यासारखी, पण आमच्या मुलखाला ती पुरते. कधी शेळ्यांकडं बघत ब्राझीलचा तो गुराखी आठवतो. कुठं बसत असेल तो, हे अजून मला सापडलेलं नाही. आप्पांनी दुकानात शेंगदाण्याचं तेल पुढं मांडलंय आणि पिवळ्या पिशव्या मागं, पिवळी पिशवी कुणी मागितली तर मात्र ते लगेच देतात. भजी मी अजून खातो. बायको कशात तळते ते विचारत नाही.

ग्रामसभेचं सांगायचं राहिलं. त्या प्रकारानंतर आठ दिवसांनी ती महादेवाच्या देवळापुढं भरली. अडतीस बाभळी ठेवायच्या, शेंगा ज्याच्या शेळ्या त्याला, असा ठराव झाला. कुणी विरोध केला नाही, दोघातिघांनी माझ्याकडं बघून तोंडाला रुमाल तेवढा लावला. मग प्रश्न निघाला, की पावसाळ्यापर्यंत तिथं राखण कुणी करायची. रोज बसायचं, कोण येतं-जातं बघायचं आणि महिन्याला पंचायतीला लेखी कळवायचं. सरपंच म्हणाले, “सर मोकळेच असतात. लिहायला-वाचायला येतं. सरांना देऊ.”

मी सदऱ्याच्या बाह्या नीट केल्या आणि होकार द्यायला उठणार, एवढ्यात बायकांच्या बाजूनं मावशी बोलल्या.

“बसवा की सरांना राखणीला, माझं काय न्हाई. बसता येतंय त्यांला. फकस्त लिहायचं काम दुसऱ्या कुणाला तरी द्या.”